घाटे अळीच्या पोटात पाचक रस कोठून येतो?

प्रश्न : आमच्याकडे अथणी भागात रब्बीला हरभरा असतो. पहाटे पानांवरची आंब फडक्याने टिपून ठेवावी, तर ती माणसाच्या जिभेलाही झोंबते. घाटे अळी मात्र तोच पाला आणि घाटे दिवसरात्र खाते. तिला आपल्यासारखे जठर असते का? बीटी जिवाणूचे औषध तिला मारते, मग ते आपल्याला का बाधत नाही?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : अळीला आपल्यासारखे आम्लाचे जठर नसते. तिच्या अन्नमार्गाच्या पुढच्या आणि मागच्या भागाला आतून कायटिनयुक्त (कीटकांच्या कवचात असते त्या चिवट द्रव्याचे) अस्तर असते. मधल्या भागाला, म्हणजे मध्यांत्राला, ते नसते, आणि म्हणूनच विकरे (अन्न पचवणारी द्रव्ये, एन्झाइम) स्रवण्याचे व पचलेले अन्न शोषण्याचे मुख्य काम तेथे होते. मध्यांत्राच्या भिंतीतील स्तंभाकार पेशी ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, अमायलेज यांसारखी विकरे तयार करून सूक्ष्म पुटिकांत, म्हणजे इवल्या पिशव्यांत, भरतात आणि त्या पुटिका पोकळीच्या बाजूला रिकाम्या होतात. काही वेळा तर पेशीच्या टोकावरील सूक्ष्म अंकुरांतून विकरांनी भरलेल्या पुटिकाच सुटून बाहेर पडतात. शेजारच्या चषकाकार पेशी पोटॅशियम पोकळीत सोडत राहतात, त्यामुळे आतल्या रसाचा सामू (pH) साधारण ९ ते ११ इतका चढतो. आंबेचे आम्ल अळीच्या वाढीला काही प्रमाणात जाचते खरे, परंतु इतक्या अल्कधर्मी रसात त्याचा प्रभाव बराच ओसरतो.

हे स्रवण अन्नाशी बांधलेले असते. डासाच्या मादीत रक्त पोटात गेल्यावर काही तासांत ट्रिप्सिन वाढू लागते. सतत खाणाऱ्या अळीत ते जवळजवळ अखंड चालते. तरीही विकरे फारशी वाया जात नाहीत. अन्नाभोवती एक झिरझिरीत कायटिनयुक्त पटल असते आणि त्याच्या बाहेरून द्रव मागून पुढे वाहतो, त्यामुळे विकरे विष्ठेबरोबर निघून न जाता बरीचशी पुन्हा कामी येतात, असे संशोधक मानतात.

हरभऱ्याचे झाडही स्वस्थ बसत नाही. त्याच्या दाण्यांत ट्रिप्सिनला जखडून ठेवणारी प्रथिने असतात. घाटे अळी मात्र त्यांना दाद न देणारी निराळी ट्रिप्सिने स्रवू लागते, म्हणजे खाद्य पाहून ती विकरांचे प्रमाणच बदलते. या किडीचा बंदोबस्त इतका अवघड का, हे समजून घेण्यासाठी मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण झाडाचा एकच अवरोधक तिला फार काळ रोखू शकत नाही.

बीटीचे औषध नेमके या पचनाचाच आधार घेते. त्यातील प्रथिनाचे स्फटिक अल्कधर्मी रसात विरघळतात, अळीचीच विकरे त्यांचे तुकडे करून विष मोकळे करतात आणि ते विष मध्यांत्राच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहक रेणूंना (रिसेप्टर) चिकटून पेशींना छिद्रे पाडते. आपले जठर आम्लधर्मी असते आणि आपल्या आतड्यात ते ग्राहक रेणूही नसतात, म्हणून ते आपल्याला बाधत नाही.

म्हणून औषध अळीच्या पोटात जाणे आवश्यक आहे. अळी घाट्यात डोके खुपसण्यापूर्वी, लहान असताना फवारावे. उन्हाने औषधाची शक्ती घटते, त्यामुळे संध्याकाळची वेळ चांगली. अळी काही तासांतच खाणे थांबवते, पण मरायला काही दिवस लागतात. तेव्हा दुसऱ्या सकाळी जिवंत अळ्या दिसल्या म्हणून लगेच दुसरे औषध मारू नये.