वाइन क्लबचे २४,००० रुपये आगाऊ भरावेत का?

बेळगावातल्या टिळकवाडीच्या एका वाचक ताईंनी विचारलंय: नाशिकच्या सहलीत एका वायनरीने क्लबचं सभासदत्व देऊ केलं. वर्षाचे २४,००० रुपये आगाऊ, दर तिमाहीला तीन बाटल्या, दरपत्रकावर २० टक्के सूट. दुसरा क्लब बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सकडच्या वायनरीचा: वर्षातून दोन खेपा, प्रत्येकी तीन बाटल्या, खेपेला ३,९०० रुपये, पैसे माल घेताना. यजमान उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून निवृत्त झालेत. घरी वर्षाला चार-पाच बाटल्या लागतात, बाराशेच्या आसपासच्या. कॅलिफोर्नियातला मुलगा तिथल्या नापा या वाइनच्या प्रदेशातल्या एका क्लबचा सभासद आहे, तो म्हणतो घेऊन टाका.

ताई, नाशिकचे पैसे भरू नका.

आधी हिशेब बघू. २४,००० मध्ये बारा बाटल्या, म्हणजे बाटली २,००० ला. दरपत्रकात ती २,५०० ची, म्हणून वर्षाला ६,००० वाचतात असं तुम्हाला सांगितलं गेलं. पण तुमचा आजचा खर्चच जेमतेम ६,००० आहे. सहा हजार वाचवायला अठरा हजार जास्त घालायचे, आणि बाटल्याही लागतात त्याच्या दुपटीहून जास्त. वायनरीला क्लब हवा असतो तो यासाठीच: माल विकण्याआधी पैसे हातात येतात आणि किती खपणार ते आधीच कळतं. यात गैर काही नाही. फक्त तो पैसा तुमच्या निवृत्तीच्या ठेवीतून जाणार आहे, हे विसरू नका.

मुलाचा अनुभव खरा आहे, पण तो तिथला. नापात कार्डावरून पैसे कापले जातात आणि खोकं दारात येतं. तिथेही हे सहज झालेलं नाही. आपल्या राज्यातल्या वायनरींना घरपोच पाठवायची मुभा आणि परराज्यातल्यांना बंदी, असा भेद राज्यांना करता येणार नाही, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००५ चा.

आपल्याकडे घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे मद्य राज्यांच्या अखत्यारीत येतं. जीएसटीही त्याला लागू नाही, प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं. महाराष्ट्रात शुल्क भरलेली बाटली कोगनोळीची सरहद्द ओलांडली की कर्नाटकाच्या नियमांत येते. चोर्ल्याच्या घाटाने गोव्याहून येताना कणकुंबीला गाड्या का तपासतात, हे बेळगावकराला सांगायला नको. तेव्हा नाशिकची वायनरी 'पाठवतो' म्हणाली तर कुठल्या परवान्यावर, हे विचारा. 'येऊन घेऊन जा' म्हणाली तर जायला पाचशे किलोमीटरच्या वर, तेवढंच परत, तेही वर्षातून चार वेळा. क्लबसोबत मिळणारं मोफत टेस्टिंग, म्हणजे वाइन चाखणं, आणि तिथल्या खोलीच्या भाड्यातली सवलत नाशिककराला फायद्याची, तुम्हाला नाही.

'ठेवलेल्या बाटलीची किंमत वाढते' असं तिथल्या माणसाने सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. या वाक्याने मी अस्वस्थ झालो. परवान्याशिवाय बाटली विकणं हा गुन्हा आहे, मग वाढलेली किंमत तुम्हाला देणार कोण? शिवाय आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या आणि रोझे वाइन वर्षा-दोन वर्षांत पिऊन संपवायच्या असतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवलेली चांगली रेड वाइनसुद्धा बिघडते. हा खर्च आहे, गुंतवणूक नव्हे. हौसेचा खर्च म्हणून जरूर करा, मला त्यात काही वावगं वाटत नाही.

म्हणून नंदी हिल्सचा क्लब विचार करण्यासारखा आहे. वर्षाचे ७,८००, म्हणजे आजच्यापेक्षा थोडेच जास्त, आणि बाटल्या सहा. राज्य एकच, त्यामुळे सरहद्दीचा प्रश्न नाही. मुलगी बेंगळुरूला असते आणि तुमचं तिकडे जाणं-येणं असतंच, तेव्हा खेप तिथून उचलता येईल. बिल मात्र जपून ठेवा, जवळ किती बाळगता येतं याला राज्यातही मर्यादा आहे.

सही करण्याआधी त्यांच्याकडून चार ओळी लेखी घ्या. किती खेपा घेतल्याशिवाय सोडता येत नाही? बाटल्या तुम्ही निवडणार की ते? तुम्हाला रेड आवडत नाही असं लिहिलंय, त्यामुळे हा प्रश्न कळीचा आहे. खेप वेळेत उचलली नाही तर ती बुडते का? दर वाढला तर आधी कळवणार का? निवड तुमची आणि एका खेपेनंतर सोडायची मोकळीक असेल, तर दिवाळीच्या खेपेपासून सुरू करा. यातलं एक जरी लेखी मिळालं नाही, तर लागेल तेव्हा बेळगावातल्याच परवान्याच्या दुकानातून एकेक बाटली घ्या.