कंपनी नको विचारू, मागचे स्क्रू बघ

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. "काका, कुठल्या कंपनीचा लॅपटॉप टिकतो, एकच नाव सांगा" असं विचारलंस आणि खाली मावसभावाचं, शेजारच्या सरांचं आणि कॉलेजातल्या सीनियरचं मत पण टाकलंस. तिघांची तीन तोंडं तीन दिशेला. एकाला अमुक कंपनी बेकार वाटते, दुसरा म्हणतो तीच डोळे झाकून घे, तिसरा म्हणतो मॅक घे आणि दहा वर्षं निवांत राहा, वर मिलिटरी ग्रेडचं आणि गेमिंग लॅपटॉपचं पण आहेच. माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात मी रोज हेच ऐकतो. माणूस आयुष्यात लॅपटॉप वापरणार एक, फार तर दोन, तो बिघडला की सगळी कंपनी बंडल आणि नाही बिघडला की सगळी कंपनी सोनं. त्यांचं खोटं आहे असं म्हणत नाही मी, पण ते एका मशिनवरून काढलेलं मत आहे एवढं धरून ऐक.

नाव सांगायला मला काही जड नाही गं, पण सांगून उपयोग काय, एकाच कंपनीचे दोन लॅपटॉप आतून एकमेकांचे कोणी लागत नाहीत. डेलचा इन्स्पिरॉन वेगळा आणि लॅटिट्यूड वेगळा (२०२५ मध्ये त्याचं नाव बदलून डेल प्रो केलं, पण तोंडात अजून लॅटिट्यूडच आहे), एचपीचा पॅव्हिलियन वेगळा आणि एलिटबुक वेगळा, लेनोव्होचा आयडियापॅड वेगळा आणि थिंकपॅड वेगळा. थिंकपॅड तर मुळात आयबीएमचा, १९९२ पासूनचा, लेनोव्होकडं तो २००५ मध्ये आला. ह्यातली दुसरी दुसरी नावं ऑफिसवाल्यांसाठी असतात. बँक किंवा आयटी कंपनी एकदम शेकड्यानं माल उचलते, वर जागेवर येऊन दुरुस्ती करून द्यायचा करार असतो, म्हणजे मशिन बिघडलं की भुर्दंड बनवणाऱ्यालाच, मग तो आपसूकच खालचं झाकण पटकन उघडेल, बॅटरी चार-सहा स्क्रूत निघेल, हिंजला (स्क्रीनच्या बिजागरीला) धातूचा आधार असेल असं बघतो. घरगुती मालात हिशोब वेगळा, तिथं शोरूममध्ये स्क्रीन चकाचक दिसली आणि भाव दोन हजारानं कमी बसला की काम झालं. यात लबाडी वगैरे काही नाही, गिऱ्हाईक जे बघतं ते कंपनी देते.

म्हणून तू कंपनी विचारायच्या ऐवजी मॉडेलचं पूर्ण नाव घे आणि त्याच्यापुढं "सर्व्हिस मॅन्युअल" लिहून गूगल कर. डेल, एचपी, लेनोव्हो तिघं पण ही मॅन्युअलं आपल्या साइटवर फुकट ठेवतात, पीडीएफ असते, चित्रं असतात, इंग्लिश अगदी सोपं. फक्त चार गोष्टी बघायच्या त्यात. बॅटरी स्क्रूनं बसवलीय का गमनं चिकटवलीय. रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) सुटी आहे का आतल्या मुख्य बोर्डावरच सोल्डर केलीय, म्हणजे डाग देऊन पक्की केलीय, आणि सोल्डर असेल तर सोबत एक रिकामा स्लॉट तरी आहे का. कीबोर्ड वेगळा निघतो का वरच्या पॅनेलला प्लास्टिकच्या रिव्हेटनं ठोकलाय, कारण ठोकलेला असला की एका बटणासाठी अख्खं वरचं पॅनेल बदलायची पाळी येते आणि तेव्हा भाव ऐकून लोक बाहेरचा कीबोर्ड लावून वर्ष काढतात. आणि चार्जिंगचा जॅक वायरीवर वेगळा आहे का बोर्डाला चिकटलेला. वेगळा असेल तर सैल झाला की नवीन टाकला, किरकोळ काम. बोर्डावरच असला की सोल्डरिंग आलं, त्याचं काम सगळ्यांना जमत नाही. टिकणं टिकणं म्हणतात ते निम्मं ह्यातच असतं, बिघडणार सगळेच, प्रश्न एवढाच की बिघडल्यावर ते सोलापुरात होतंय का पुण्याला पाठवावं लागतंय.

आता आपल्या गावाचं बोलू. यूट्यूबवर रिव्ह्यू करणारी पोरं एसीत बसलेली असतात, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार गेलेला. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी १० ते ३५ अंशात वापरा असं सांगते, आणि तुमच्या माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी तीनला ३५ म्हणजे थंडीच म्हणायची की. लिथियम बॅटरीला उष्णता आणि फुल चार्ज हे दोन्ही एकत्र सोसत नाही. दिवसभर चार्जर लावून शंभर टक्क्यांवर गरम खोलीत ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, मग ती कुठल्या का कंपनीची असेना. त्याला उपाय आहे, बहुतेक लॅपटॉपमध्ये कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (मशिन चालू होताना उघडतो तो सेटिंगचा मेनू) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते, घरी टेबलावर वापरताना ती चालू ठेवायची, कॉलेजला न्यायच्या आदल्या रात्री काढायची. आणि कधी टचपॅड दाबायला कडक लागायला लागला, किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगायला लागला, तर टचपॅड खराब झाला म्हणून बसू नको, खाली बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढायचा, बंद करायचा आणि घेऊन यायचा. दाबून बसवायची किंवा टोचायची नाही, पेट घेते.

दुसरं तुमच्या घराचंच. खाली यंत्रमाग चालू, वर तू लॅपटॉप घेऊन बसणार. सोलापूरच्या पूर्व भागातून, मागवाल्या घरांतून येणारे लॅपटॉप मी न विचारता ओळखतो. खालचं झाकण काढलं की फॅनवर साधी धूळ नसते, फॅन आणि तांब्याच्या जाळीच्या मधे सुताच्या बारीक तुसाचा एक थर जमलेला असतो, पांढरट, दाबून बसलेला, चिमट्यानं धरलं की सोलापुरी चादरीचा तुकडा कापून काढावा तसा अख्खा बाहेर येतो. टॉवेलचं कारखानं असेल तर कधी कधी रंगीत पण निघतो. तेवढा काढला की लगेच मशिन गप्प होतं, फॅनचा आवाज जातो, स्लो चालणं पण बरंच कमी होतं, आणि गिऱ्हाईक मात्र व्हायरस होता का विचारतं. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला स्वतःच हळू चालतो, व्हायरस बिरस काही नसतो. बाहेरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, उलट आणखी आत बसतो, त्यामुळं झाकण उघडूनच काढायचा, आणि ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेवायची, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याच्या बेअरिंगचं काम तमाम होतं. तुमच्या घरात वर्षातून दोनदा तरी हे करावंच लागेल. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून पिक्चर बघायचा नाही, हवा खालूनच घेतो तो, खाली एक पाट ठेवला तरी पुरे.

हिंजचं मात्र नीट ऐक, कारण माझ्याकडं येणाऱ्या नव्या मशिनचं सगळ्यात वाईट दुखणं हेच आहे. हिंज स्वतः लोखंडी असते, ती क्वचित तुटते. ती ज्यात बसवलेली असते ते प्लास्टिक, आणि त्या प्लास्टिकमध्ये पितळेचे बारीक नट बसवलेले असतात, स्क्रू त्यात जातो. वापरून वापरून हिंज कडक होते, आणि आपण काय करतो, स्क्रीन एका कोपऱ्याला धरून फटकन उघडतो, सगळा जोर त्या एका बाजूच्या नटावर, आणि एक दिवस तो प्लास्टिकसकट उपटून हातात. मग कोपऱ्यात फट दिसायला लागते, लोक म्हणतात एम-सील लावा, आम्ही पण लावतो, टिकलं तर टिकलं. शोरूममध्ये एक करून बघ, लॅपटॉप टेबलावर ठेव आणि स्क्रीन मधोमध एका बोटानं उघड. खालचा भाग सोबत उचलून आला तर हिंज कडक आहे असं समज, पुढं जपून वापरावा लागणार. आणि उघडताना कायम मधोमध धरून उघड, पप्पांना पण सांग, ते तर डाव्या हातात चहा आणि उजव्या हातानं कोपरा!

लाईटचं थोडक्यात. मेटल बॉडीच्या लॅपटॉपवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर लॅपटॉप खराब नाही, बहुधा तुमच्या प्लगला अर्थिंग नाही. वायरमनला दाखवा, आणि चार्जरची तिसरी जाड पिन कापून टूपिन करायचा शहाणपणा करू नका. वळवाचा पाऊस, विजा सुरू झाल्या की चार्जर भिंतीवरच्या बोर्डातून काढून ठेवायचा, राऊटरची वायर पण.

आता त्या मतांकडं. सीनियर म्हणाला ना "मिलिटरी ग्रेड घे". ते मिल-एसटीडी-८१० नावाचं अमेरिकेच्या लष्कराचं टेस्टिंगचं स्टँडर्ड आहे, खरं आहे, पण त्यात ढीगभर टेस्ट आहेत आणि त्यातल्या कुठल्या करायच्या ते कंपनी स्वतः ठरवते, लष्कर काही सर्टिफिकेट देत नाही. स्टिकर असला तर वाईट नाही, पण त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नको. गेमिंग लॅपटॉप टिकाऊ हे मत पण अर्धवट, त्याचं कूलिंग मोठं असतं हे बरोबर, पण आत आग पण तेवढीच असते, वजन बॅगेला आणि चार्जर वेगळा विटेएवढा, बॅटरी दोन लेक्चरला पुरली तरी नशीब. मॅकचं मात्र मला पटतं, २०२० मध्ये ॲपलचा स्वतःचा एम१ प्रोसेसर आल्यापासून बॅटरी आणि गारवा दोन्हीत तो पुढं आहे, मॅकबुक एअरमध्ये तर फॅनच नाही म्हणजे तूस ओढायचा प्रश्नच मिटला. पण रॅम आणि एसएसडी (फाइली साठवायची चिपवाली डिस्क) दोन्ही वाढवता येत नाही, घेतलं ते घेतलं, आणि तू मेकॅनिकलला जाणार, तुमचं सॉलिडवर्क्स (डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर) विंडोजवरच चालतं. मग मॅक घेऊन दुसऱ्याच्या लॅपटॉपपुढं रांगेत उभं राहायचं का? एखादी कॉमर्सवाली विचारत असती तर मी हो म्हणलो असतो.

तुला १६ जीबी रॅम पाहिजेच, ८ वर आणि रिकामा स्लॉट असला तरी चालेल, नंतर टाकू. एसएसडी ५१२. प्रोसेसरचं नाव लय नवीन पाहिजे असं काही नाही. बजेट बसत नसेल तर सेकंडहँड ऑफिस मालिकेतला घ्यायला माझी हरकत नाही, उलट नव्या घरगुती लॅपटॉपपेक्षा तो मला जास्त भरवशाचा वाटतो, फक्त स्वस्त मिळतोय म्हणून इंटेल प्रोसेसरच्या सहाव्या-सातव्या जनरेशनचा (पिढीचा) उचलू नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या जनरेशनपासून पुढं चालतं. नेमक्या याच कारणानं जुने लॅपटॉप बाजारात भरपूर आलेत, आणि विकणारा "११ टाकून दिलंय मॅडम" म्हणून दाखवतो, जुगाड करून टाकता येतं ते, पुढं अपडेटला नाटकं करतं. सेकंडहँड बघताना विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांग, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नवीन बॅटरीचे पैसे भावातून कमी कर. विकणारा रिपोर्ट काढायला कां-कूं करायला लागला तर चहा पिऊन उठ.

नवीन घेतलास तर ऑनसाइट वॉरंटी आहे का विचार, म्हणजे माणूस घरी येतो. नुसती कॅरी-इन असली की तूच घेऊन पळायचं. पाणी सांडणं, पडणं हे साध्या वॉरंटीत नसतं, त्याचं वेगळं कव्हर असतं आणि ते घेताना किंवा घेतल्यावर थोड्याच दिवसांत घ्यावं लागतं. दोन-तीन मॉडेल निवडलीस की पाठव मला, नुसतं "आय फाइव्हवाला" असं नको, पूर्ण मॉडेल नंबर, मी मॅन्युअल काढून बघतो.

आणि पप्पांना म्हणावं, तो जुना लॅपटॉप भंगारवाल्याला द्यायची घाई करू नका. त्यात अजून फिरणारी हार्ड डिस्क आहे, ती काढून एक साधी एसएसडी टाकली की कारखान्याच्या बिलांना आणि हिशोबाला चालेल, नेटला नाही जोडायचा फक्त. येताना त्याचा चार्जर पण आणा, मागच्या वेळी नुसता लॅपटॉपच आणला होता.

काका