हेगडे गेले, पण सही कुणाची होती?

पेडण्याच्या एका तरुणाने विचारलंय: सरकारने लोकांचे फोन ऐकल्याचं उघडकीला आलं आणि खुर्चीवरचा नेता म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं", तर त्याने काय करावं? १९८८ मध्ये कर्नाटकाच्या रामकृष्ण हेगडेंनी राजीनामा दिला, २०१३ मध्ये ओबामांनी दिला नाही. दोघांत बरोबर कोण? आणि शेवटी एक जोडप्रश्न: आपला फोन कुणी ऐकतंय हे ओळखायचं कसं?

मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली, गोव्यातच. सुरुवात ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे कॉल हाताने जोडायचे तिथे; शेवट एमडीएफवर. एमडीएफ म्हणजे एक्स्चेंजमधली ती लांबलचक लोखंडी मांडणी, जिथे बाहेरची केबल आत येते आणि गावातल्या प्रत्येक फोनच्या दोन तारा एका पट्टीवर येऊन बसतात. त्या जोडीला आम्ही पेअर म्हणायचो. त्या काळात कुणाचा फोन ऐकायचा तर त्याच्या पेअरला आणखी एक जंपर, म्हणजे जोडतार, लावायचा आणि दुसऱ्या खोलीत न्यायचा. काम पाच मिनिटांचं. त्यामुळे "एवढी मोठी यंत्रणा कशी चालली असेल हो" असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. तार लावायला यंत्रणा लागत नाही. लावायला सांगणारा लागतो, आणि सांगितलेलं कागदावर आहे की तोंडी, एवढाच प्रश्न असतो.

आता हेगडे. माणूस आपल्या शेजारचा, सिद्दापूरचा. गोव्याच्या दक्षिण सीमेवरचा पोळ्याचा नाका ओलांडला की जो कारवारचा, म्हणजे उत्तर कन्नड जिल्हा लागतो, त्यातला. १९८३ मध्ये कर्नाटकाचे पहिले बिगरकाँग्रेस मुख्यमंत्री झाले. बोलणं गोड, राहणी टापटीप, आणि तोंडी सतत मूल्याधिष्ठित राजकारण. १९८६ मध्ये अरॅक (देशी दारू) बाटल्यांत भरण्याच्या कंत्राटांवरून उच्च न्यायालयाने सरकारवर ताशेरे ओढले, तेव्हा एकदा राजीनामा देऊन दोनतीन दिवसांत परतही घेतला होता. त्यामुळे १९८८ साली पुन्हा राजीनाम्याची बातमी आली तेव्हा आमच्या एक्स्चेंजमध्ये पहिली प्रतिक्रिया होती, "परवा परत येतील बघ." ऑगस्टचा पाऊस, केबलींत पाणी, तक्रारींची वही भरलेली, आणि बेळगावहून आलेला तरुण भारत टेबलावर ओला होऊन पडलेला. ते परत आले नाहीत. बोम्मई मुख्यमंत्री झाले.

झालं होतं असं. देवेगौडा आणि अजित सिंह यांचं फोनवरचं बोलणं वर्तमानपत्रात छापून आलं. दोघेही जनता परिवारातलेच, म्हणजे हेगडेंच्या घरातलेच भाऊबंद. मग सुब्रमण्यम स्वामींनी विषय लावून धरला, आणि कर्नाटक पोलिसांच्या सांगण्यावरून पन्नासेक लोकांचे फोन ऐकले गेल्याचं समोर आलं. त्यात राजकारणी होते, धंदेवाले होते. हेगडे म्हणाले, मी सांगितलं नव्हतं; पण नैतिक जबाबदारी माझी.

इथे खात्यातल्या माणसाला दिसते ती गोष्ट बाहेरच्याला चटकन दिसत नाही. पोलीस राज्याचे, पण एक्स्चेंज केंद्राचं. राज्याने पत्र लिहायचं, केंद्राच्या खात्याने तार जोडायची. म्हणजे बेंगळुरूत बसलेल्या बिगरकाँग्रेसी मुख्यमंत्र्याच्या पोलिसांची पत्रं दिल्लीतल्या काँग्रेस सरकारच्या कपाटात जाऊन बसत होती! राजीव गांधी तेव्हा बोफोर्समुळे बेजार. असा दारूगोळा हाताशी असताना कोण गप्प बसेल? हेगडेंना फोन ऐकल्याने जितकं बुडवलं, तितकंच कपाट कुणाचं याचा विसर पडल्याने बुडवलं.

आणि मुळात फोन ऐकणं बेकायदा होतं का? नाही. १८८५ चा टेलिग्राफ कायदा, कलम ५(२). सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा जनतेच्या सुरक्षिततेसाठी गरज असेल तर केंद्र किंवा राज्य सरकार संदेश अडवू शकतं. इंग्रजांनी केलेली सोय, आपण पुढेही वापरली. प्रश्न अधिकाराचा नव्हता, कारणाचा होता. देवेगौडा पक्षात काय खलबतं करतात यात जनतेची कसली सुरक्षितता?

तर हेगडेंपुढे वाटा कुठल्या होत्या? "मी सांगितलं नाही" यावर अडून बसायचं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग कुणी सांगितलं, आणि ऐकलेलं टिपण कुणाच्या टेबलावर यायचं? अधिकाऱ्याला पुढे करायचं, तर तो अधिकारी उद्या तोंड उघडणार, आणि उरलेले यापुढे कुठल्याच आदेशावर विश्वास ठेवणार नाहीत. तिसरी वाट सगळी फाईल स्वतः विधानसभेत मांडायची. कुठला नंबर, कुठल्या तारखेपासून, सही कुणाची, कारण काय लिहिलंय. ही वाट सर्वात अवघड, कारण तिच्यावर चाललात तर खुर्चीही जाऊ शकते आणि इभ्रतही. हेगडेंनी चौथी धरली. खुर्ची सोडली, इभ्रत वाचवली, फाईल मिटली. दीड वर्षाच्या आत ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि १९९८ मध्ये वाजपेयींच्या मंत्रिमंडळात वाणिज्यमंत्री.

माझं मत म्हणून सांगतो, मान्य नसेल तर सोडून द्या. तो राजीनामा मला तेव्हा फार मोठा वाटला होता. आज वाटतं, ती त्यातल्या त्यात स्वस्त सुटका होती. मुख्यमंत्री गेला की लोकांचं समाधान होतं, आणि सही कुणाची होती हे विचारायला कुणी उरत नाही.

चंद्रशेखरांचं प्रकरण लोक याच्याच शेजारी ठेवतात, पण ते वेगळं. मार्च १९९१ मध्ये हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई राजीव गांधींच्या घराबाहेर टेहळणी करताना सापडले, काँग्रेसने गदारोळ केला आणि काँग्रेसच्याच टेकूवर उभ्या असलेल्या पंतप्रधानांनी ६ मार्चला राजीनामा दिला. टेकू काढायला निमित्त हवं होतं, ते दोन शिपायांनी पुरवलं. दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट मात्र सारखी आहे, बघा. आपल्याकडे पाळतीवरून खुर्च्या गेल्या त्या पुढाऱ्यांवरच्या पाळतीवरून. तुमच्या-माझ्या फोनसाठी कुणाची खुर्ची हललेली मला आठवत नाही.

ओबामांचं उलट. तिथे सामान्य लोकांचंच प्रकरण होतं. जून २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तहेर खात्याचं कंत्राटी काम करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने दिलेल्या कागदांतून बाहेर आलं की एका फोन कंपनीला गुप्त न्यायालयाचा हुकूम आहे: सगळ्या ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज सरकारला द्या. दोन दिवसांनी ओबामा म्हणाले, तुमचे फोन कुणी ऐकत नाही. नंबर आणि कालावधी तेवढा बघतात, नावं नाहीत, बोलणं नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमचं ट्रंक बोर्ड आठवलं. एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा नंबर स्वतः फिरवायची सोय, गावोगाव येण्याआधी बाहेरगावचा प्रत्येक कॉल एका छोट्या तिकिटावर लिहिला जायचा. मागणारा नंबर, मागितलेला नंबर, वेळ, मिनिटं, ऑर्डिनरी की अर्जंट, पीपी असेल तर हव्या असलेल्या माणसाचं नाव. रात्रपाळीला ती तिकिटं क्रमाने लावायचं काम माझ्याकडे असे. खरं सांगतो, एक शब्द न ऐकता मला गाव कळायचं. अमक्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरून आठवडाभर रोज मुंबईच्या एका वकिलाला अर्जंट कॉल म्हणजे जमिनीचा तंटा कोर्टात चाललाय. तमक्या घरून बेळगावला दर रविवारी कॉल, आधी तीन मिनिटं, मग सहा, मग नऊ, म्हणजे चवथीच्या, गणेशचतुर्थीच्या आत साखरपुडा. साखरपुडा झालाच, पेढेही मिळाले. तेव्हा "बोलणं ऐकत नाही, नुसत्या नोंदी ठेवतो" यात दिलासा कसला? नोंदी माणसापेक्षा खरं बोलतात.

पण ओबामांच्या पदरात एक माप घालायला हवं. सिनेटर असताना ज्या पाळतीवर ते बोट ठेवत होते, तीच राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्या राजवटीत चालली होती; उद्या बॉम्ब फुटला तर "तूच यंत्रणा बंद केलीस" हे ऐकायची तयारी कुठल्याही पुढाऱ्याची नसते. तरी त्यांनी पाच जणांची समिती नेमली, तिचा ४६ शिफारशींचा अहवाल डिसेंबरमध्ये लोकांपुढे ठेवला, जानेवारी २०१४ मध्ये स्वतः उभं राहून काय बदलणार ते सांगितलं. जर्मनीच्या चॅन्सेलर अँजेला मर्केल यांच्या फोनवर पाळत ठेवल्यावरून मित्रदेशांत शोभा झाली ती झालीच. शेवटी जून २०१५ च्या कायद्याने नोंदींचा तो सरसकट साठा सरकारच्या हातून काढला. त्यापुढे त्या कंपन्यांकडे राहायच्या आणि हुकूम घेऊन मागायच्या. ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो मात्र मॉस्कोत अडकून राहिला. त्याला माफी नाही दिली. तिथे ओबामा कचरले असं मी म्हणेन. तरी राजीनामा न देता त्यांनी हेगडेंपेक्षा जास्त कागद उघडे केले, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे कागदाला वळण लागलं ते कुठल्या नेत्यामुळे नव्हे, न्यायालयामुळे. पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या याचिकेवर १८ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोन ऐकायचा हुकूम गृहसचिवानेच काढायचा, तो दोन महिन्यांपुरता, वाढवत नेला तरी सहा महिन्यांपलीकडे नाही, आणि वर समिती तपासणार. म्हणजे सही आली. पण २०१३ मध्ये माहिती अधिकारात केंद्राने सांगितलेला आकडा बघा: महिन्याला साडेसात ते नऊ हजार हुकूम. दिवसाचे अडीचशे ते तीनशे. आम्ही लाइनमनच्या ओव्हरटाइमचे फॉर्मसुद्धा इतक्या वेगाने सही करत नव्हतो, आणि त्यावर तर कुणाचं खासगी आयुष्य नसायचं.

एक प्रसंग सांगतो, नावं-गाव विचारू नका. एका दुपारी साध्या कपड्यातले दोघे आले. अमक्या नंबरची महिनाभराची ट्रंक तिकिटं बघायची आहेत म्हणाले. आमचे सुपरवायझर जुने, जेवणानंतर डुलकी काढणारे. त्यांनी डोळे किलकिले करून विचारलं, "कागद?" ते म्हणाले, "साहेबांनी तोंडी सांगितलंय." सुपरवायझर म्हणाले, "मग साहेबांना म्हणावं, तोंडी सांगितलेलं लिहून द्या. खाली सही पाहिजे." चहा पाजला, पाठवलं. दोघे परत आले नाहीत. सुपरवायझर काही क्रांतिकारक नव्हते, त्यांना फक्त पेन्शनची काळजी होती. पण त्या घरातल्या माणसांचं महिनाभराचं आयुष्य त्या एका "सही पाहिजे"ने वाचलं. हेगडेंकडून मला हेच हवं होतं, आणि आजच्या कुठल्याही नेत्याकडून हेच मागायचं. तुम्ही जाऊ नका, आधी सही दाखवा.

थोडं अवांतर. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून छापावी लागे. माझ्या मामीच्या ट्रंकेत तिच्या लग्नाच्या पत्रिकेचा हाताने लिहिलेला मसुदा अजून आहे, कोपऱ्यात शिक्का. "कुलदेवतेच्या कृपेने" इथपासून "आहेर आणू नये" इथपर्यंत कुणा सरकारी माणसाने वाचलंय. मामी म्हणते, निदान वाचलं हे कळायचं तरी! १९८६ मध्ये पत्रं उघडायचा अधिकार वाढवणारं विधेयक संसदेने मंजूर केलं, तेव्हा राष्ट्रपती झैल सिंगांनी त्यावर ना होकार दिला ना नकार, नुसतं ठेवून दिलं आणि ते तसंच बारगळलं. नवा पोस्ट कायदा मात्र तो अधिकार घेऊन १८ जून २०२४ ला लागू झाला. १८ जून, आपल्या गोव्याचा क्रांतिदिन. दिल्लीतल्या कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

राहिला जोडप्रश्न. फोनवर खरखर आली की लोक म्हणतात, कुणीतरी ऐकतंय. माझ्या काळात निम्मं फोंडा असं म्हणायचं, आणि नव्वद टक्के वेळा जॉइंटमध्ये पाणी शिरलेलं असायचं. नीट लावलेल्या जंपरचा आवाज येत नाही. मोबाइलला तर जंपरही लागत नाही, सगळं कंपनीच्या स्विचमधूनच वळवतात. तेव्हा आवाजावरून काही कळणार नाही. खरखर आली तर जूनमध्ये तक्रार नोंदवा, चवथीपर्यंत लाइनमन येईल.