निवडणुकीनंतरची वर्षं

अनेक आशीर्वाद.

सत्तांतर होत असलेल्या देशात मानवाधिकार निरीक्षणाचं काम करायचं तू ठरवलंस, हे वाचून बरं वाटलं. पण तुझ्या पत्रात सगळा भर निवडणुकीवर आहे. मतदानाच्या दिवशी निरीक्षकांची वानवा नसते, शिष्टमंडळंच्या शिष्टमंडळं उतरतात. ती परत गेल्यावर कोठड्यांमध्ये कोण डोकावतं, ते बघ.

म्यानमारचं घे. तिथल्या परिस्थितीवर १९९२ पासून संयुक्त राष्ट्रांचे स्वतंत्र तज्ज्ञ अहवाल देत होते. २०१२ मध्ये ओबामा यांगूनला गेले तेव्हा तिथले अध्यक्ष थेन सेन यांच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांचं कार्यालय उघडू देण्याचा शब्द दिला. तो पाळला गेला नाही. नोव्हेंबर २०१५ च्या निवडणुकीत लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांचा पक्ष जिंकला. मात्र २००८ च्या राज्यघटनेने संसदेच्या २५ टक्के जागा आणि संरक्षण, गृह, सीमा ही खाती लष्कराकडेच ठेवली होती. तरीही २०१६ मध्ये युरोपीय संघाने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारमधल्या मानवाधिकारांवरचा ठराव मांडलाच नाही. हा ठराव १९९१ पासून दरवर्षी येत असे. लोकशाही आलीय, आता कशाला टोचायचं, असा एकूण सूर! आणि त्याच वेळी राखाइन प्रांतात रोहिंग्या मुस्लिमांविरुद्ध लष्कराची कारवाई चालू होती. ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ यांघी ली यांना देशात यायलाच बंदी झाली, तीही सू ची यांच्या सरकारच्या काळात. ठराव आला असता तर लष्कर थांबलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण पाहणाऱ्यांनी मान वळवली, हे लष्कराला दिसलं असणारच.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये क्रम वेगळा होता, निरीक्षक आधी आले आणि शांतता नंतर. सरकार आणि बंडखोरांनी जुलै १९९० मध्ये कोस्टा रिकातल्या सॅन होजेला मानवाधिकारांपुरता करार केला. त्यानुसार संयुक्त राष्ट्रांचं पथक वर्षभरात देशात पोहोचलं, तेव्हा लढाई थांबलेलीही नव्हती. शांतता करार जानेवारी १९९२ चा. सॅन होजेच्या करारात पूर्वसूचना न देता कुठेही जाण्याची आणि कुणाशीही एकांतात बोलण्याची मुभा होती. ती कलमं मुळातून वाच. या धंद्याचं अर्धं बळ त्या दोन गोष्टींत आहे. अर्थात तिथेही सगळं सुरळीत झालं नाही. युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल १५ मार्च १९९३ ला आला आणि पाच दिवसांत संसदेने त्या अत्याचारांना सरसकट माफी देऊन टाकली. तो कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं.

नेपाळबद्दल थोडक्यात. राजाची थेट राजवट असताना, २००५ मध्ये उच्चायुक्तांचं कार्यालय तिथे सुरू झालं. लष्कराच्या बराकीतल्या छळावर त्याने लिहिलं, माओवादी बंडखोरांच्या अत्याचारांवरही लिहिलं. पुढे माओवादी सत्तेत असताना २०११ च्या अखेरीस मुदत न वाढल्याने ते बंद पडलं. सत्यशोधन आयोग नेमला गेला २०१५ मध्ये! कालचे पीडित आज राज्यकर्ते झाले की त्यांच्याविरुद्धची तक्रार लिहून घेताना हात आखडतो. तुझाही आखडेल.

एक कामाची गोष्ट. साक्षीदाराचं नाव आणि त्याची जबानी एकत्र ठेवू नकोस, आणि त्याला भेटायला थेट त्याच्या दारात गाडी नेऊ नकोस. तू निघून जाशील, तो तिथेच राहणार असतो. जबानी छापायची की नाही, हे त्याला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. दुभाषा कुणी नेमलाय, हेही आधी बघ.

मुलाखतीला जाशील तेव्हा पगाराआधी दोन गोष्टी विचार. निवडणुकीनंतर पथक किती काळ राहणार? आणि अहवाल प्रसिद्ध करायचा की नाही, हे कोण ठरवतं? दुसऱ्याचं उत्तर 'यजमान सरकार' असं आलं तर दुसरीकडे अर्ज कर.