खुब्याच्या ‘अनस्टेबल’ फ्रॅक्चरवर जगात सध्या नवीन काय चाललंय? आमच्या आईसाठी रॉड बरा की प्लेट?

तुमच्या ७८ वर्षांच्या आई डिचोलीच्या घरी अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या, एक्स-रेच्या रिपोर्टात ‘अनस्टेबल इंटरट्रोकँटरिक’ असं आलंय, डॉक्टर रॉड (हाडाच्या पोकळीत घालतात तो) सांगतात आणि भाऊ म्हणतो प्लेट (हाडाला बाहेरून लावतात ती) स्वस्तात होते. याहून नवं काही निघालंय का, असं तुम्ही विचारलंय. निघालंय, पण त्यातलं कामाचं बरंचसं रॉडच्या कारखान्यातलं नाही.

आधी ‘अनस्टेबल’ म्हणजे काय ते. मांडीच्या हाडाची मान जिथे संपते तिथे दोन उंचवटे असतात, मोठा बाहेरून आणि लहान आतून मागे. मोड यांच्यामधून जातो. दोनच तुकडे असले आणि बसवल्यावर एकमेकांवर टेकून राहिले तर स्टेबल. लहान उंचवटा सुटून आतला आधार गेला, किंवा मोडाची रेघ उलटी, म्हणजे आतल्या बाजूला वर आणि बाहेरच्या बाजूला खाली अशी उतरली, तर अनस्टेबल. एओ या हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणाने (त्यात ए१, ए२, ए३ असे प्रकार आहेत) यात बाहेरच्या भिंतीची जाडीही धरली. मोठ्या उंचवट्यावरच्या बारीक गाठीपासून ३ सेंमी खाली यायचं आणि तिथून १३५ अंशांत वर मोडाच्या रेघेपर्यंत मोजायचं. २०.५ मिमी किंवा कमी भरलं तर तो ए२, म्हणजे भिंत भरवशाची नाही. प्लेटचा जाड स्क्रू याच भिंतीला भोक पाडून आत जातो. भिंत पातळ असली तर ती ऑपरेशन टेबलावरच तडकते, मग खालचं हाड आत सरकतं आणि पाय आखूड होतो.

उलट्या रेघेचा मोड म्हणजे ए३. तिथे मी प्लेटचा विचारच करणार नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००१ च्या पाहणीत असे मोड सरकत्या स्क्रू-प्लेटने जोडलेल्या १६ पैकी ९ जणांत जोड फसला होता. ए१, म्हणजे भिंत शाबूत असलेला साधा मोड, यात मात्र तुमच्या भावाचं बरोबर आहे. २०२३ मध्ये आलेल्या इनसाइट चाचणीत ए१ आणि ए२ मोडांचे ८५० रुग्ण होते. वर्षभरानंतर रॉडवाल्यांचं आणि प्लेटवाल्यांचं रोजचं जगणं सारखंच निघालं. ए२ वर म्हणूनच अजून वाद आहे. उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेचं मार्गदर्शन तिथेही प्लेटलाच पसंती देतं, अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद रॉडकडे झुकतात. भिंत पातळ असली तर मीही रॉडच म्हणेन. तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचारा: ‘ए२ की ए३, आणि बाहेरची भिंत किती?’

रॉडचंही म्हणाल तर, जुन्या दोन सुट्या स्क्रूंच्या रॉडमध्ये एक स्क्रू आत घुसायचा आणि दुसरा बाहेर यायचा. यालाच झेड इफेक्ट म्हणतात. म्हणून पुढे पिळदार पात्याचे आणि एकमेकांत अडकलेल्या दोन स्क्रूंचे रॉड आले. चीनमधून तर या विषयावर लेखांचा पाऊस पडतोय. हबेईच्या डॉक्टरांनी हाडाच्या आत त्रिकोणी आधार देणारा रॉड काढलाय. पात्यातून मांडीच्या हाडाच्या डोक्यात (सांध्यातल्या गोळ्यात) ३ ते ६ मिली हाडाचं सिमेंट सोडायचाही प्रकार आहे. अगदी भुसभुशीत हाडात त्याने पकड वाढते, पण रुग्ण लवकर चालू लागतो असं काही दिसलेलं नाही. थेट अर्धा सांधा बदलणं हा पर्यायही आहे, पण त्यात रक्त जास्त जातं, आणि सरसकट सगळ्यांसाठी तो मला पटत नाही.

खरा खेळ आहे तो हाड बसवण्यात आणि स्क्रू नेमका कुठे टेकतो त्यात. १९९५ मध्ये बॉमगार्टनर यांनी साधं माप दिलं: समोरच्या आणि बाजूच्या एक्स-रेत स्क्रूच्या टोकापासून डोक्याच्या शिखरापर्यंतची अंतरं मोजायची आणि दोन्हींची बेरीज करायची. एक्स-रेत चित्र मोठं येतं, म्हणून स्क्रूची खरी जाडी ताडून बेरीज दुरुस्त करून घ्यायची. ११ आणि ९ म्हणजे २० मिमी, उत्तम. २५ मिमीच्या वर गेली की स्क्रू डोकं फाडून वर निघायचा धोका वाढत जातो. पात्याच्या रॉडमध्ये मात्र फार खोलही चालत नाही, पातं आरपार सांध्यात उतरतं.

दुसरी गोष्ट शांघायच्या चँग यांनी लावून धरली आहे. बसवताना मानेची पुढची-आतली कड खालच्या हाडाच्या कडेवर किंचित चढून बसली पाहिजे. ती खालच्या हाडाच्या पोकळीत घसरली तर तिला टेकायला काही उरत नाही. टेबलावर पाय ओढून, आत वळवून सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना बघायच्या एक्स-रे यंत्रावर) हे जमलं नाही, तर आधी बारीक छेदातून हुक घालून कड उचलायची, मग ड्रिल. वाकडं बसलेलं हाड रॉड घातल्यावर सरळ होईल या आशेवर राहिलं की हमखास बिघडतं. रॉड मोठ्या उंचवट्याच्या टोकातून किंवा किंचित आतून शिरावा. बाहेरून शिरला तर मान खाली कलते.

वेळेबद्दल: २०२० च्या हिप अटॅक चाचणीत, १७ देशांतल्या २,९७० रुग्णांत, सहा तासांत ऑपरेशन केल्याने दगावणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही, पण भ्रम आणि लघवीचा संसर्ग कमी झाला, माणसं लवकर उभी राहिली. म्हणजे रातोरात धावपळ नको, पण ४८ तासांच्या पुढे विनाकारण ढकलूही नका. कमरेत इंजेक्शन की पूर्ण भूल, यावरून भांडू नका. २०२१ च्या रिगेन चाचणीत दोन्हींचा निकाल सारखाच लागला. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचं पाकीटच बरोबर न्या. मालीश, पाय ओढणं, हाडवैद्य यातलं काहीही नको. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, न्यायचं तर १०८ लाच बोलवा आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घ्या.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभं करायचं, झेपेल तेवढा भार देऊन. ‘सहा आठवडे पाय टेकू नका’ असं कुणी सांगितलं तर कारण विचारा. हाड नीट बसलं असेल तर झेपेल तेवढा भार चालतो. म्हातारं माणूस मोजून अर्धवट भार देऊ शकत नाही, टेकू नका म्हटलं की ते पडूनच राहतं. नुसत्या पेजेवर ठेवू नका. अंडं, बांगडा, अळसांदे, मूग, जे खातील ते रोज द्या.

आणि घरी सोडताना एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याचं औषध. २००७ च्या हॉरायझन चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत वर्षाला एकदा ५ मिग्रॅ झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन दिलेल्यांत नवे मोड ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी होते. पहिले दोन आठवडे जाऊ द्या, आधी व्हिटॅमिन डी भरून काढा आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासा. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद, मिनिटाला ३५ मिलीच्या खाली असेल तर हे इंजेक्शन द्यायचं नाही, दुसरं औषध विचारा.