टास्क मॅनेजरमध्ये 'एसव्हीसीहोस्ट' पंधरा-वीस वेळा दिसतंय, व्हायरस आहे का? डिलीट करू का?

थांबा, डिलीट करू नका! ही विंडोजचीच फाइल आहे. वेगवेगळ्या सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारी विंडोजची कामं) तीच चालवते, म्हणून विंडोज १० मध्ये डझनावारी दिसणं नॉर्मल.

पण या नावाआड व्हायरसही लपू शकतो, म्हणून आधी पत्ता बघा. नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' दाबा. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं 'सिस्टिम३२' उघडलं तर काळजी नाही ('सिसवाव६४'ही चालतं). टेम्प किंवा ॲपडेटा फोल्डर निघालं तर मात्र पाणी मुरतंय.

स्पेलिंगही (svchost) अक्षर-अक्षर वाचा. इथे सोलापुरात चाटी गल्लीतल्या एका चादरीच्या दुकानात बिलिंगचा पीसी रखडत होता, तिथे 'व्ही' आणि 'सी'ची अदलाबदल केलेली तोतया फाइल सापडली. फोल्डर अर्थातच टेम्प.

तरी शंका वाटली तर ती फाइल व्हायरसटोटल या वेबसाइटवर टाका, तिथे अनेक अँटिव्हायरस एकदम तपासतात. फक्त गिऱ्हाइकांच्या हिशेबाच्या फाइली तिथे चढवू नका.