पगार कमी झाला, कार्डावरचं पद बदललं, मग मी कोण?

गेल्या दोनेक वर्षांत समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की शेवटी लिहायला बसले. येणारे बहुतेक जाहिरात क्षेत्रातले, चाळिशीच्या आसपासचे. त्यातल्याच एकाबद्दल सांगते, नाव बदललंय, श्रीकांत म्हणू.

पहिल्याच भेटीत त्यांनी खिशातून व्हिजिटिंग कार्डं काढली आणि टेबलावर ओळीने मांडली. २००४ चं पहिलं, ट्रेनी विज्युअलायझर, म्हणजे जाहिरातीचं चित्र मांडणारा शिकाऊ. मग आर्ट डायरेक्टर, मग असोसिएट क्रिएटिव्ह डायरेक्टर, आणि सगळ्यात शेवटी आत्ताचं, सीनियर कंटेंट डिझायनर. "मॅडम, वीस वर्षं जिना चढलो आणि आता खाली उतरवलंय." पगार साधारण तीस टक्के कमी, घराचा हप्ता तेवढाच, आणि बायकोला अजून सांगितलेलं नाही.

मी कुणालाही "पॉझिटिव्ह विचार करा" सांगत नाही. पगार कमी झाला हे खरं नुकसान आहे, त्याला नुकसानच म्हणायचं. पण ते कशामुळे झालं तेही नीट बघायचं. पूर्वी जाहिरात एजन्सीला मीडियाच्या, म्हणजे पेपर-टीव्हीवर जाहिरात देण्याच्या, खर्चावर १५ टक्के कमिशन मिळायचं, नंतर मीडिया खरेदीच्या कंपन्या वेगळ्या झाल्या आणि क्रिएटिव्हवाल्यांच्या, म्हणजे जाहिरात बनवणाऱ्यांच्या, हातात राहिली महिन्याची ठरलेली फी, त्याच फीत आता एका फिल्मऐवजी ढीगभर पोस्ट आणि रील. जुनी नावाजलेली एजन्सी एचटीए (हिंदुस्तान थॉम्प्सन असोसिएट्स) म्हणजे नंतरचं जेडब्ल्यूटी, ते २०१८ मध्ये वंडरमन थॉम्प्सनमध्ये गेलं आणि २०२४ मध्ये तेही नाव जाऊन व्हीएमएल झालं. अख्ख्या एजन्सीचं नाव पुसलं जातं तिथे आपल्या कार्डावरचं पद कायमचं कसं राहील? हे त्यांना पटलं, मान हलवली, पण चेहरा तसाच. डोक्याला पटणं आणि आत पोचणं यात फार अंतर असतं.

तिसऱ्या भेटीत मला सुचलं (आणि याचं मला आजही समाधान आहे). मी ती सगळी कार्डं पालथी केली आणि म्हटलं, "मागच्या कोऱ्या बाजूला लिहा, या खुर्चीत असताना हाताने काय केलंत, काय शिकलात."

ट्रेनीच्या कार्डामागे जागा पुरेना. टायपोग्राफी, प्रिंटिंग प्रेसवर रात्रभर उभं राहून रंग तपासणं, काय काय. आर्ट डायरेक्टरचंही भरलं. असोसिएट क्रिएटिव्ह डायरेक्टरच्या कार्डावर मात्र पेन थांबलं ते थांबलंच. बऱ्याच वेळाने म्हणाले, "इथे फक्त मीटिंगा केल्या."

मी काही बोलले नाही. आत्ताचं कार्ड त्यांनी स्वतःच ओढलं आणि लिहायला लागले, मोशन ग्राफिक्स शिकलो, मराठी फॉन्टवर काम केलं, सहा वर्षांनी परत स्वतः स्केच काढलं. लिहिता लिहिता डोळे भरून आले. सगळ्यात मोठ्या पदाची पाठ कोरी होती.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे, घटना आपल्याला जेवढी पाडते त्याहून जास्त आपण तिला चिकटवलेला "च" पाडतो. पगार वाढावा ही इच्छा, वाढलाच पाहिजे नाहीतर मी शून्य, हा हट्ट.

तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर आधी घरी आकडा सांगा, लपवण्यात सगळी ताकद जाते. हप्त्याबद्दल बँकेशी थकण्याआधी बोला, नंतर नाही. नवीन ऑफर आली तर पदाच्या नावाला भुलू नका, पगारवाढीऐवजी भारदस्त पद हातात ठेवायची पद्धत या धंद्यात जुनीच आहे, तेव्हा रोज नक्की काय करायचंय ते विचारा. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक बिघडलेली असेल तर एकट्याने ओढू नका, डॉक्टरांना भेटा.

श्रीकांतनी त्याच आठवड्यात बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मला दिवाळीपासून कळलंय, तुम्ही कधी बोलताय याचीच वाट बघत होते. पगार अजून तेवढाच आहे. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, मुलीला अप्लाइड आर्टला, म्हणजे जाहिरातकलेच्याच शिक्षणाला, जायचंय, जाऊ देऊ का? मी म्हटलं, तिला समोर बसवा आणि ती कार्डं दाखवा, दोन्ही बाजूंनी.